पाठमोरा धबधबा

सहस्रकुंडचा धबधबा मी आतापर्यंत चार वेळा पाहिला होता आणि चारही वेळा पलीकडून. पलीकडून म्हणजे नांदेड जिल्ह्यातून. गाडीनं इस्लापूर गाठायचं, पंचमुखी महादेवाला हात जोडायचे, कठड्याला टेकून फोटो काढायचे, भाजलेलं कणीस खायचं आणि परत फिरायचं. माझं आजोळ मात्र पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात, बिटरगावच्या पुढं. मामाच्या घरून धबधबा पायी अडीच तासांवर. मामा दर वेळी फोनवर ऐकवायचा, "आमच्या अंगणातली नदी, अन् तुम्ही तिले मोगलाईतून पाह्यता."

मोगलाई हा शब्द आमच्या भागात अजून मेला नाही. नदीच्या दक्षिणेला १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. उत्तरेचा वऱ्हाडही नावाला निजामाचाच, पण १८५३च्या तहानं तो इंग्रजांच्या हाती गेला. म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवर दोन कारभार, दोन नाणी, दोन पोलीस. १९५६ साली दोन्ही काठ एका राज्यात आले. त्यालाही आता सत्तर वर्षं होत आली, पण मामीची बहीण पलीकडं हिमायतनगरकडे दिलेली आहे आणि मामी अजून म्हणते, "ते मोगलाईतले लोक, त्यांच्या भाजीत चिंच जास्त."

यंदा पोळ्याला चार दिवस सुट्टी जुळली. अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन निघालो. ठरवलं एकच होतं: धबधब्याला जायचं ते नदीकाठानं, अलीकडून आणि पायी.

पहिला दिवस, खांदशेकणी

नागपूरहून सकाळची एसटी. वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड. हा सगळा नागपूर–तुळजापूर महामार्ग आता चौपदरी झाल्यामुळे सांगण्यासारखं काही घडत नाही, झोप तेवढी छान लागते. अधूनमधून नव्या रेल्वेचे मातीचे भराव आणि पुलांचे खांब दिसतात. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग. त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. उमरखेडला गाडी कधी येईल ते मामाला विचारलं तर तो म्हणतो, "घाई काय हाय? पुढच्या सालापासून एसटी मले फुकट हाय." मामा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि पंच्याहत्तरीची वाट तो एखाद्या पोरानं मिसरुडाची पाहावी तशी पाहतो आहे.

उमरखेडला उतरून ढाणकी आणि ढाणकीहून काळीपिवळी. काळीपिवळीत किती माणसं बसतात हे शेवटचा माणूस चढेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. बिटरगाव मागं पडलं आणि मुलीच्या मोबाइलवरच्या रेघा एक एक करत गेल्या. या पट्ट्याला बंदी भाग म्हणतात. पैनगंगा अभयारण्याचं जंगल, त्यात आणि त्याच्या कडेनं आंध, गोंड, बंजारा वस्त्या. सागाची पानं पावसानं एवढी मोठी झालेली की त्यावर एका माणसाचं जेवण वाढता यावं. मुलगी म्हणाली, "बाबा, नेटवर्क नाही." मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "हाय ना माय, त्या टेकडीवर हाय. सांजच्याला सगळे पोट्टे तिथंच असतात."

घरी पोचलो तेव्हा मामा गोठ्यात होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ज्या जागी बसतं, त्या जागेला हळद आणि तूप लावायचं, पळसाच्या पानानं हलक्या हातानं चोळायचं. मामानं हरण्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग चांद्याला तेच. मुलीनं विचारलं, "त्यांना कळतं?" मामा म्हणाला, "तुले आवतन देल्तं तं तुले कळलं का नाही? मंग?"

रात्री अंगणात बसून मी बेत सांगितला. मामानं तो ऐकून घेतला आणि पुढं ढकलला. "उद्या नाही. ढोराच्या सणाले ढोराले सोडून माणूस फिरत नसते. करीच्या दिवशी जाऊ." शिवाय वरती इसापूरच्या धरणाची काही दारं उघडली होती. हे धरण पैनगंगेवरच, बऱ्याच वरच्या अंगाला, आणि पाणी सोडणार असले की काठच्या गावांना आधी कळवतात. त्याच्याखाली हिंगोलीकडून येणारी कयाधू मिळते, तिचं पाणी मात्र कुणाला विचारून येत नाही. धबधबा किती मोठा दिसणार हे आपल्या गावच्या पावसापेक्षा या दोन गोष्टींवर ठरतं. आपल्याकडं कडकडीत ऊन असावं आणि नदी दोन्ही थड्या भरून चालावी, असं इथं नेहमी होतं. नेमका त्याच दिवसांत माणूस फसतो.

दुसरा दिवस, पोळा

सकाळी बैल धुवायला एरवी नदीवर नेतात. नदीला पाणी असल्यानं या वेळी नाल्यावर नेले. मी आणि मुलगी तिथून पुढं नदीपर्यंत गेलो, पाचशे पावलं. पाणी चहाच्या रंगाचं. मधोमध बाभळीची एक फांदी वाहत गेली. तिच्यावर एक बगळा बसला होता, तोही तिच्यासोबत गेला.

काठावर एक भोई जाळं दुरुस्त करत बसला होता. पाण्यात जाळं टाकायचे दिवस नव्हतेच. मी विचारलं, "उद्या पाणी उतरंल का?" त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. शेजारी पडलेली तुराटीची एक काडी मुलीच्या हातात दिली. "पाणी जिथं टेकलं हाय ना, तिथं खोच. दुपारी येऊन पाह्य. मंग मले इचारू नको, काडीले इचार." मुलीनं अगदी काठावरच्या गाळात काडी खोचली आणि खूण म्हणून वरच्या टोकाला केसांतला लाल रबर गुंडाळला. दुपारी येऊन पाहिलं तर पाणी काडीपासून वीतभर खाली गेलेलं. संध्याकाळी हातभर. हे ज्ञान किती साधं आहे! नदीकाठानं कुठंही चालायला निघण्याआधी एक काडी खोचावी आणि चहा प्यावा. काडी बुडाली तर घरी बसावं.

दुपारनंतर गावाबाहेर तोरणाखाली बैल जमले. झुली, बेगड, शिंगांना वार्निश, गळ्यात घागरमाळा. अकरा जोड्या आल्या. मामाच्या लहानपणी तोरणाखाली उभं राहायला जागा मिळत नसे म्हणे. आता गावात ट्रॅक्टर पाच आहेत. त्यांतल्या एकाला मालकानं हार घालून, बोनेटला हळद-कुंकू लावून बैलांच्या रांगेत शेवटी आणून उभा केला. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी शिव्या दिल्या, बाकीचे हसले, ट्रॅक्टर हलला नाही. मग झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, सुरू झाली. एकानं झडती म्हणायची, शेवटी "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" असं सगळ्यांनी ओरडायचं. झडत्यांत देवापासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळं येतं. पुढाऱ्यांवरच्या झडत्या मुलीसमोर लिहिण्याजोग्या नव्हत्या, पण ती त्यांनाच जास्त हसली.

तोरण तुटलं, बैल पळाले, मग घरोघर ओवाळणी आणि बोजारा, म्हणजे बैल घेऊन येणाऱ्याच्या हातावर ठेवायचे पैसे. आमच्या जोडीला मामीनं पुरणपोळी भरवली. चांद्यानं पोळीसोबत सुपातले तांदूळही खाल्ले आणि सुपाची कडही चावली.

तिसरा दिवस, कर

पहाटे गावातली पोरं "इडा, पिडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत" ओरडत गेली, त्यानं जाग आली. दारादारांत पळसाचे मेढे ठेवलेले. साडेसहाला निघालो: मामा, मामेभाऊ, मुलगी आणि मी. मामीनं फडक्यात भाकरी, चून, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदे आणि आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या बांधून दिल्या. वर सांगितलं, "दुपारपावतर या. आज मटन हाय. उशीर केला तं रस्साच राहीन."

घरापासून नदीपर्यंतची पांदण हाच या अख्ख्या वाटेतला सगळ्यात अवघड तुकडा. काळी माती ओली झाली की ती जमीन राहत नाही, पाय धरून बसलेलं माणूस होते. विसाव्या पावलाला माझ्या बुटांचं वजन दुप्पट झालं, चाळिसाव्याला उजवा बूट मागंच राहिला आणि मी मोज्यावर पुढं गेलो. मामा आणि मामेभाऊ अनवाणीच निघाले होते, त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या. "शहरातले लोक पाय वाचवते अन् बूट खराब करते," मामा म्हणाला. मुलीनं ताबडतोब बूट काढले. मीही काढले. नदीकाठाला पोचल्यावर वाळूत पाय घासून पुन्हा घातले. तिथून पुढं वाट इतकी सोपी की लहान पोर, म्हातारं, कुणीही चालावं. चढ नाही, उतार नाही. नदी उजव्या हाताला न् आपण तिच्यासोबत खाली खाली.

वाट म्हणजे खरं तर ढोरांची पायवाट. कधी वावराच्या धुऱ्यानं, कधी काठाच्या झाडांतून. डावीकडं सोयाबीन शेंगांवर आलेलं, मधूनमधून तुरीच्या ओळी, पऱ्हाटी कमरेएवढी, आणि जिथं विहिरीचं पाणी आहे तिथं हळदीचे रुंद पानांचे वाफे. जवळजवळ प्रत्येक वावराला जुन्या लुगड्यांचं कुंपण. जांभळं, पोपटी, काठपदराचं, सगळ्या गावातल्या बायांचे वीस वर्षांतले लग्नसमारंभ असे धुऱ्यावर बांधलेले. रानडुक्कर आणि रोही रंग पाहून बिचकतात असं म्हणतात. मामेभाऊ म्हणाला, "पह्यलं वर्ष बिचकतात. मंग त्यायलेही सवय होते." म्हणून मचाण आहेच. रात्रभर जागल करायची, डबा वाजवायचा आणि सकाळी पाहायचं की डुकरं दुसऱ्या कोपऱ्यातून येऊन गेली.

एका ठिकाणी वाट वळते आणि अभयारण्याच्या हद्दीची पाटी येते. आम्ही आत शिरलो नाही, शेतांच्या बाजूनंच राहिलो. मुलीला वाघ पाहिजे होता. तिला मी २०१९ सालच्या त्या वाघाची गोष्ट सांगितली, जो टिपेश्वरच्या जंगलातून निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगण असा फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं की बाबा तेराशे किलोमीटर चालला. याच पैनगंगेच्या जंगलातूनही तो गेला होता. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आणि आपण सहा."

सहाचेही सात झाले, कारण नाला. नकाशात तो नखाएवढासुद्धा नाही. एरवी त्यात पाऊल बुडेल एवढं पाणी असतं, पण नदी फुगलेली असली की तिचं पाणी उलटं नाल्यात शिरतं आणि नाला उगाचच मोठा होऊन बसतो. वरून शांत, हिरवट, हलतही नाही. मला वाटलं गुडघाभर असेल. मामानं काठी आत घातली, ती छातीपर्यंत गेली. "हेच लोकायले फसवते. वाह्यतं पाणी दिसते, त्याले माणूस भेते. थांबलेल्या पाण्याले कोणी भेत नाही." नाल्याच्या काठानं अर्धा किलोमीटर वर गेलो, रपट्यावरून ओलांडला आणि तेवढंच परत खाली आलो. नवख्यांनी गावातलं माणूस सोबत घ्यावं ते याच्यासाठी. रस्ता चुकण्यासारखा नाहीच, नदी हरवत नाही. पण कुठला नाला कोणत्या दिवशी ओलांडायचा हे नदी सांगत नाही.

नाल्यानंतरचा मैलभर मला सगळ्यात आवडला. काठाला कहूची झाडं, ज्याला पुस्तकात अर्जुन म्हणतात. पांढरी गुळगुळीत खोडं, मुळं पाण्यात सोडून उभी. मधे करंज, उंबर, सिंदीचे झुपके. माझ्या डोक्याच्याही वर, फांद्यांत, वाळलेलं गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. आधी कुठल्या तरी पुराचं पाणी तिथपर्यंत होतं. त्याच्याखालून चालताना आपण नदीच्या तळातून चाललो आहोत असं वाटतं आणि ते फारसं खोटंही नसतं. खंड्या एकदा पाण्यावरून निळी रेघ ओढत गेला. टिटवी मात्र आमच्यावर संतापली होती, अर्धा मैल डोक्यावर ओरडत आली.

इथं नदी रुंद होते आणि गप्प होते. एवढं पाणी वाहतंय आणि आवाज नाही. मला तोवर धबधब्याचा आवाज यायला हवा होता. मुलगी दर पाच मिनिटांनी विचारत होती. वारा आमच्याकडून तिकडं जात होता आणि धबधबा तोंड फिरवून बसलेला. त्याचा सगळा आवाज खालच्या घळीत, पलीकडं. मामा म्हणाला, "पडाच्या आधी नदी दम खाते." मला ते खरं वाटलं. आपणही उडी मारायच्या आधी तेच करतो.

मग माती संपली. हे असं अचानक होतं की पायाला आधी कळतं. काळी माती, वाळू, गाळ, आणि एका पावलानंतर खडक. काळा, सपाट, नदीच्या अर्ध्या पात्रावर अंथरलेला, ऊन पडलं की लोखंडाच्या पत्र्यासारखा चमकणारा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. अजिंठ्याच्या डोंगरात बुलढाण्याकडं उगवलेली पैनगंगा मेहकरवरून इथवर येते ती बरीचशी याच दगडावरून, पण बहुतेक ठिकाणी तो मातीखाली झाकलेला असतो. इथं नदीनं त्याला उघडा पाडला आहे.

खडकात भोकं. वाटीएवढी, घागरीएवढी, एक तर मुलगी आत उभी राहिली तर कमरेपर्यंत येईल एवढं. ओसरलेलं पाणी त्यांत साचलेलं. मुलीनं एका वाटीत हात घातला आणि खालून तीन गोटे काढले, तिन्ही लिंबासारखे गोल. रांजणखळगे कसे होतात हे मी तिला समजावणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "जातं हाय ते. वरचा गोटा फिरते, खालचा दगड दळते. पीठ नदी घेऊन जाते." यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं. पुराच्या भोवऱ्यात गोटा गरगर फिरतो, खडकाला घासतो, खळगा खोल होतो, गोटा झिजून संपतो, मग दुसरा येऊन पडतो. हजार कुंडं ही अशी. मामाकडं दुसरी गोष्टही होती: माहूरच्या परशुरामानं बाण मारला, नदीच्या हजार धारा झाल्या, म्हणून ही बाणगंगा. दोन्ही गोष्टी त्यानं एकाच सुरात सांगितल्या. जातंही खरं, बाणही खरा.

त्या खडकावर उभं राहून पुढं पाहिलं आणि मी थांबलो. नदी संपली होती. पुढं पाणीच नव्हतं. शे-दोनशे पावलांवर एक आडवी रेघ, त्या रेघेवर नदी जाऊन थांबते आणि पलीकडं नुसता पांढरा धूर. त्या धुराच्या वर पलीकडच्या काठावरची माणसं दिसतात, रंगीत कपड्यांतली, रांगेनं, सगळी आमच्याकडं तोंड करून. म्हणजे आमच्याकडं नाही, खाली. ते धबधबा पाहत होते. आम्हाला धबधबा दिसतच नव्हता. आम्ही त्याच्या मागं उभे होतो, नाटकात विंगेतून पडद्याची पाठ दिसावी तसे. चार वेळा समोरून पाहताना माझ्या कधी मनातही आलं नव्हतं की ही नदी आहे. समोरून तो धबधबाच दिसतो, वरून पडणारी एक वस्तू. सात किलोमीटर तिच्यासोबत चालून आल्यावर मात्र जे पडत होतं ते सकाळपासूनचं पाणी होतं. बगळ्याची फांदीही काल इथूनच गेली असणार.

मी दोन पावलं पुढं टाकली तर मामानं मनगट धरलं, आणि ते धरणं प्रेमाचं नव्हतं. "इथून म्होरं नाही." खडक कोरडा दिसतो, पण शेवाळ वाळून काळं पडलेलं असतं, रंगावरून कळत नाही. इथं माणसं गेलेली आहेत, पोहणारीसुद्धा. खाली घळीत पाणी ज्या तऱ्हेनं फिरतं, त्यात पोहण्याचा काही उपयोग नसतो. मोबाइल हातात घेऊन मागं मागं सरकणारी तरुण पोरं तर दर मोसमात दिसतात. आम्ही आल्या वाटेनं शंभर पावलं मागं गेलो, काठ चढलो आणि वावरातून वळसा घेऊन मुरली गावाच्या बाजूनं धबधब्याच्या अंगाला आलो. वरून जाणाऱ्यानं एवढंच लक्षात ठेवावं: रेघ दिसली की थांबायचं आणि काठावर चढायचं.

बाजूनं दिसला तेव्हा आवाज एकदम अंगावर आला. मधल्या काळ्या खडकांनी नदी फोडलेली, दोन जाड धारा आणि मधे कितीतरी बारीक. आमच्या बाजूची धार तांबूस, पलीकडची पांढरी. का ते कळेना. मामेभावाचं म्हणणं, आपल्याकडच्या नाल्यांचा गाळ आपल्याच काठानं येतो. असेल. तुषार चेहऱ्यावर बसत होते. ऊन पाठीशी होतं, त्यामुळे खालच्या घळीत इंद्रधनुष्याचा एक तुकडा, वारा आला की जायचा, परत यायचा.

अलीकडं गर्दी कमी. करीचा दिवस असल्यानं आसपासच्या गावांतली मंडळी ट्रॅक्टरनं आली होती, बाया-पोरं, डबे. काही पुरुषमंडळी सकाळीच करीच्या रंगात आलेली, त्यांच्यापासून लांब बसलो. पलीकडं मंदिर, दुकानं, गाड्यांची रांग. रेल्वेचं स्टेशनसुद्धा पलीकडं, मुदखेड–आदिलाबाद मार्गावर, नावच सहस्रकुंड. मामाला ते लागतं. "नाव त्यायनं घेतलं, टेशन त्यायनं घेतलं, महादेव त्यायच्याकडं. आमच्याकडं काय, तं काठ." पण मग फडकं सोडता सोडता त्यानंच सांगितलं की त्याच्या वडलांच्या काळी, रझाकारांच्या धामधुमीत, पलीकडची माणसं रात्रीतून नदी ओलांडून या काठावर येत. बायका, पोरं, एखादी शेळी. गावानं त्यांना गोठ्यांत ठेवलं होतं. ते निवळल्यावर परत गेले. मामीच्या बहिणीचं सासर त्यांतलंच. मी हे कधी ऐकलं नव्हतं. चिंचेच्या भाजीवरून पन्नास वर्षं टोमणे मारणाऱ्या मामीनंही कधी सांगितलं नव्हतं.

चून-भाकरी खाल्ली. शिळी पुरणपोळी ताजीपेक्षा चांगली लागते, हे ज्याला पटत नाही त्यानं ती सात किलोमीटर चालून खाऊन पाहावी. मुलगी पलीकडच्या लोकांना हात हलवत होती. बराच वेळ कुणी लक्ष दिलं नाही. मग एका पिवळ्या फ्रॉकनं हात हलवला. नंतर दोघींचं ते किती तरी वेळ चाललं, मधे एवढं पाणी पडतंय आणि ऐकू काहीच येत नाही.

परतीला मुरलीहून ऑटो मिळाला. सडकेनं वीस मिनिटांत घरी. ज्या वाटेला सकाळी साडेतीन तास लागले होते, ती वीस मिनिटांत उलगडून गेल्यावर थोडं फसवल्यासारखं वाटलं. मटण होतं, रस्सा नव्हे, तुकडेसुद्धा.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: ऑगस्ट ते ऑक्टोबर हे दिवस चांगले, उन्हाळ्यात खडकच पाहावे लागतात. मुसळधार पावसाच्या दिवशी किंवा धरणातून जास्त पाणी सुटलं असेल तर नदीकाठची वाट धरू नये, सडकेनं जावं. पाणी प्यायचं घरूनच न्यावं. आणि बूट हातात घ्यायला लाजू नये.

चौथा दिवस

रात्रीतून पाऊस झाला. पलीकडं मामीच्या बहिणीला भेटून मग निघायचं असा बेत होता, मीच धरला होता. ढाणकीला पोचलो तर गांजेगावच्या पुलावरून पाणी, हिमायतनगरचा रस्ता बंद. स्टँडवर चहावाल्याला विचारलं, पूल कधी मोकळा होईल. तो म्हणाला, "संध्याकाळी होईन, नाहीतर उद्या, नाहीतर परवा." तीन पर्याय देऊन त्यानं गाळणी झटकली. मामीनं बहिणीसाठी दिलेला पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आम्ही उमरखेडच्या गाडीत बसलो.

यवतमाळच्या अलीकडं केव्हा तरी मुलीच्या मोबाइलवर रेघा परत आल्या. तिनं आईला फोन लावून सांगितलं, "आम्ही धबधबा मागून पाहिला." पलीकडून काही तरी विचारलं गेलं असणार, कारण ती म्हणाली, "नाही गं, समोरूनही पाहिला. पण आधी मागून."

रात्री नऊला नागपुरात घरात पाऊल ठेवलं आणि मामाचा फोन. पोचलात का विचारलं, डबा कुठवर गेला ते विचारलं, हसला. मग म्हणाला, "पोरीले दे." तिनं फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकत राहिली.

"काय म्हणाले मामाआजोबा?"

"काडी बुडाली म्हणे. रबर तेवढा दिसतो."